प्रमाणपत्राची साखर

सरकारला पन्नास वर्षांत जे जमले नाही ते मोठा खरेदीदार पाच वर्षांत करून दाखवतो, असा एक सिद्धांत सध्या परिसंवादांतून फार बोकाळला आहे. आमचे एक व्यवस्थापनशास्त्री स्नेही तो कीर्तनकाराच्या श्रद्धेने मांडतात. त्यांचा आवडता दाखला वॉलमार्टचा. २०१७ साली या कंपनीने आपल्या पुरवठासाखळीतले एक अब्ज टन उत्सर्जन २०३० पर्यंत टाळण्याचा विडा उचलला. उचलला वॉलमार्टने, चघळायचा मात्र पुरवठादारांनी, एवढे स्नेही सांगत नाहीत.

अमेरिका कशाला, आपला ऊस घेऊ. कोका-कोला, पेप्सिको यांच्यासारख्या कंपन्यांना साखर हवी, आणि ती ‘शाश्वत’ही हवी. त्यासाठी ‘बॉनसुक्रो’सारखी जागतिक मानके आहेत. पाणी मोजा, खते मोजा, मजुरांचे हक्क सांभाळा, मग प्रमाणपत्र घ्या. अडचण एवढीच की ऊसतोड कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर नसतोच. कारखाना करार करतो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदार मुकादमाशी, आणि मुकादम उचल देऊन बीड-अहिल्यानगरकडचा ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामापुरता बांधून घेतो. जोडी राहते पाचटाच्या कोपीत. कारखान्याचे दप्तर तपासणाऱ्याला ती दिसणार कुठून?

बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आकडे आले. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. कारण उघड होते: पाळीमुळे खाडा झाला की दंड, फडात ना शौचालय ना पाणी, आणि डोक्यावर फेडायची उचल. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हीच साखर नामांकित शीतपेयांच्या बाटलीपर्यंत नेऊन दाखवली, तेव्हा कुठे साहेबलोकांची झोप उडाली. प्रमाणपत्राचा हा आंधळेपणा फक्त उसातला नाही. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्याला तर सामाजिक जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे होरपळून मेली.

अशा वेळी मला शेतकरी संघटनेचे शरद जोशी आठवतात, आणि ते आठवले की लवकर हलत नाहीत. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ जिरायती शेती करायला आला आणि शेती परवडत का नाही, याचा त्याने रोकडा हिशेब मांडला. शेतकऱ्याला शिकवू नका, सुधारू नका, त्याच्या मालाला भाव द्या. भाव मिळाला की पुढचे तो बघेल. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनामागे हेच एक कलम होते. उपदेशाची फुकट खैरात आणि दामाच्या वेळी हात आखडता, ही दिल्लीची जी रीत जोशींनी उघडी पाडली, तीच आज कोका-कोलाच्या अटलांटाची आणि वॉलमार्टच्या बेंटनव्हिलची आहे. मानकांची पुस्तिका दरवर्षी जाड होते. खरेदीचा दर ठरवताना मात्र ती पुस्तिका कोणी उघडत नाही. ठिबक बसवा, नोंदी ठेवा, तपासनिसाची फी भरा, आणि साखर शेजारच्या कारखान्यापेक्षा चार पैशांनी स्वस्त द्या! अशा सौद्यात पुरवठादार खर्च कुठे कापणार? जिथे कोणी मोजत नाही तिथे, म्हणजे फडातच.

इथवर लिहून थांबलो, कारण हा युक्तिवाद ऐकून सर्वांत खूश कोण होईल ते मला ठाऊक आहे. आमचे साखरसम्राट. परकीय कंपन्यांची दादागिरी, गोऱ्यांचा दांभिकपणा, वगैरे भाषणे त्यांच्याकडे तयारच असतात. आणि जोशींचे सूत्रही फडाच्या बांधावर अडखळते. उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने मिळतो. २०२४-२५ च्या हंगामात तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. त्यातले कोयत्यापर्यंत आपोआप किती झिरपले? तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला, तो कामगार संघटनांनी ‘कोयता बंद’ केल्यावर, शरद पवार आणि पंकजा मुंडे वाटाघाटींना बसले तेव्हा. उसाच्या भावाने ते आपसूक झाले नाही, आणि अटलांटाच्या पुस्तिकेनेही नाही.

म्हणजे माझा राग दबावावर नाही, त्याच्या बेगडीपणावर आहे. बांगलादेशात एप्रिल २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ जण गेले, त्यानंतर झालेला ‘अकॉर्ड’ पाहा. तोही परदेशी ब्रँडांचाच दबाव. पण ब्रँडांनी कामगार संघटनांशी कायद्याने बांधील करार केला, तपासणीचे अहवाल उघड केले, आणि दुरुस्तीला पैसा उभा राहील हे बघण्याची जबाबदारी घेतली. कारखाने खरोखर सुधारले. दबाव असावा तर असा, ज्यात दाबणाऱ्याचाही हात अडकलेला असतो.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये पुरवठासाखळीच्या जबाबदारीचा निर्देश मंजूर केला, तेव्हा आमच्या स्नेह्यांनी नव्या युगाची द्वाही फिरवली होती. पुढच्याच फेब्रुवारीत युरोपीय आयोगाने तो ‘सुटसुटीत’ करण्याचा प्रस्ताव आणला आणि त्यात, नुकसान झालेल्याला कंपनीवर दावा लावता येण्याची संघभर समान तरतूदच काढून टाकायची ठरवली. संहिता राहिली तरी कोर्टाचे दार अरुंद करायचे. स्नेह्यांचा त्यावरचा लेख अजून आलेला नाही.