छपरावरचं डांगर

आश्विनात वेल वाळू लागते, डांगराचा देठ सुकतो, साल नखाला दाद देत नाही. तेव्हाच ते छपरावरून उतरवावं, देठ राखून. देठ मोडला की डांगर लवकर सडतं. कापल्यावर निम्म्याची भाजी. उरलेलं किसून गुळात शिजवायचं, त्यात मावेल तेवढीच कणीक, म्हणजे खुसखुशीत घारगे.

आणि बिया? त्या उकिरड्यावर गेलेल्या पाहिल्या की जीव तुटतो. आपल्याच अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरचं गावरान बियाणं जपलं, बीजबँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आज डांगर चिराल, तर बिया धुऊन सावलीत वाळवा, राखेत घोळून मडक्यात ठेवा. मूठभर शेजारच्या काकूंनाही द्या.