बोट कुठे जाते?

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या घरी एक वाद झाला, आणि तो ज्यावरून झाला ते कारण इतके सुखाचे होते की सांगताना संकोच वाटतो. माझा पुतण्या पुण्यास चांगल्या पगारावर आहे. आपल्या आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, क्रूझवर पाठवायचे असे त्याने मनात घेतले. संध्याकाळी मुंबईहून निघायचे, रात्र समुद्रावर काढायची, दुसरा दिवस गोव्यात, पुन्हा एक रात्र समुद्रावर आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत मुंबई, असा तो बेत. सासूबाईंना सोबत हवी, म्हणून माझेही तिकीट तोच काढणार होता. अशा वेळी शहाण्या माणसाने आभार मानावेत आणि बॅग भरायला घ्यावी. मी म्हणाले, "ही माझ्या प्रवासाची रीत नव्हे."

वाक्य मला त्या वेळी फार भारदस्त वाटले. मी शाळेत लहान मुलांना शिकवणारी बाई. माझे स्वतःचे शिक्षण दहावीशी थांबले. पुढे हौसेने चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली निम्मी माणसे मला एस.टी.त भेटलेली आहेत. खिडकीजवळची जागा, मांडीवर पिशवी, शेजारी कोणी अनोळखी बाई, आणि मधल्या एखाद्या स्टँडवर गाडी अर्धा तास उभी राहिली की कांदाभजी आणि चहा. याला मी प्रवास म्हणते. उतरायचे ठिकाण ठरलेले असावे, पण वाटेत काय होईल ते ठरलेले नसावे. ज्या प्रवासात जेवणाच्या वेळा, नाचाच्या वेळा आणि सूर्यास्त पाहण्याच्या जागा आधीच छापून हाती मिळतात, तिथे माझ्यासारखीने काय करावे? यजमान म्हणाले, "तुझी रीत राहू दे बाजूला. आईचे काय?"

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माका एकदा वरसून बघूचा आसा."

वरून पाहायचे, म्हणजे काय, हे पुतण्याला कळले नाही. मला कळले, कारण ती हकीकत मी वीस वर्षे ऐकत आले आहे. सासूबाई विजयदुर्गाकडच्या. १९६५ साली लग्न होऊन त्या मुंबईस आल्या त्या आगबोटीने. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या बोटी पणजीपर्यंत जात-येत. पावसाळ्यात सेवा बंद. पाऊस सरला की पुन्हा सुरू. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राही, आणि उतारूंना पडावात बसवून तिच्यापर्यंत नेत. हलत्या पडावातून हलत्या बोटीत चढायचे, अंगावर नवी कोरी नऊवारी, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हाताला खलाशाने धरलेले! मग खालच्या डेकवर बोचक्यांच्या मध्ये जेमतेम पाठ टेकण्याइतकी जागा. सासूबाईंना बोट लागली. रात्रभर त्या ओकत होत्या. वर, जिन्यापलीकडे, जास्त भाड्याचे उतारू खुर्च्यांवर बसले होते, तिथे वारा होता. जिन्याशी उभ्या असलेल्या माणसाने त्यांना वर जाऊ दिले नाही. ती बोटसेवा १९८० च्या दशकात कायमची बंद पडली, आणि वर काय होते हे पाहायचे राहून गेले.

एवढे ऐकूनही मी लगेच हो म्हटले नाही, हे कबूल करते. माझ्याजवळ आक्षेप होते आणि ते अगदीच पोकळ नव्हते.

पहिला आक्षेप असा की गरजेवाचूनचा समुद्रप्रवास हा प्रवासच नव्हे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि समुद्र ओलांडणे हे आपल्याकडे पातक समजले जात होते. त्या बोटीच्या दुसऱ्या टोकाला वैद्यकीय महाविद्यालय होते. सासूबाईंच्या बोटीच्या टोकाला गिरणगावातली एक खोली होती. क्रूझच्या टोकाला काय असते? आपण जिथून निघालो तोच धक्का. ही वस्तू जन्माला कशी आली तेही मी तेव्हा वाचून काढले. हँबर्गच्या एका जहाज कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांची अडचण अशी होती की हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि मोठाली जहाजे पडून राहत. म्हणून १८९१ च्या जानेवारीत त्यांनी 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ उतारू घालून भूमध्य समुद्रात नुसते हिंडवून आणले. म्हणजे बोट आधी, आणि हिंडण्याची हौस मागाहून! रिकाम्या जहाजाला काम हवे होते, म्हणून रिकामी माणसे शोधली गेली, असे मी यजमानांना ऐकवले. ते म्हणाले, "आपल्या शाळेची सहल कशी निघते? मुलांना भूगोल शिकायचा असतो म्हणून, की एस.टी. सवलतीत मिळते म्हणून?"

दुसरा आक्षेप बंदरांविषयीचा. जहाज सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. मुरगावहून पणजीस जाऊन यायचे तर दिवसाचा चांगला तुकडा रस्त्यातच जातो. उरलेल्या वेळात एक देऊळ, एक चर्च आणि काजूचे दुकान. गावाला तुमच्याशी बोलायला वेळ मिळत नाही, आणि तुम्हालाही. शिवाय एकाच वेळी हजारो माणसे उतरली की गावाचे काय होते, याची साक्ष व्हेनिसने दिली आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना त्या शहराच्या ज्युडेका कालव्यातून जाण्याची मनाई झाली. आणि २०२४ साली निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज तर जवळजवळ २,४८,००० टनांचे आहे. त्यावर ७,६०० उतारू मावतात, त्यांच्या दिमतीला २,३५० माणसे. मी ज्या गावी शिकवते त्या गावाची वस्ती एवढी नाही. गाव हिंडायला निघाले, तर ज्या गावी ते जाईल तिथल्यांनी कुठे जावे?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटत होता. आपण खुर्चीवर पडून राहायचे आणि कोणी तरुण मुलाने आपल्या उष्ट्या ताटल्या उचलायच्या, दिवसातून पाचदा. हे सुख घ्यावे का? जहाजावरच्या नोकरांविषयी आंतरराष्ट्रीय नियम आहे: चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि आठवड्यात किमान ७७ तास. वाचायला बरे वाटते. पण वजाबाकी करून पाहा. एखाद्या दिवशी चौदा तास काम नियमात बसते, आणि महिनेच्या महिने घर दिसत नाही. गोव्याच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तारवावर गेली. बोटीची वाट पाहत मुंबईत राहायला जागा हवी म्हणून त्यांच्या गावांनी धोबीतलावाकडे कूड उघडले. सुट्टीवर आलेल्या अशा माणसाला स्वतःच्या मुलाने ओळखले नाही, ही गोष्ट मी एकाहून अधिक घरांत ऐकली आहे.

असे तीन आक्षेप पदरात बांधून मी नोव्हेंबरात सासूबाईंबरोबर बोटीवर चढले. पडाव नव्हता, विमानतळावर असते तशी तपासणी, आणि मग खोलीच्या दाराला, जेवणाला, खरेदीला, सगळ्याला लागणारे एकच कार्ड. निघण्याच्या आधी सर्वांना बोलावून धोक्याचा भोंगा ऐकवतात आणि जीवरक्षक जाकीट दाखवतात. इटलीच्या किनाऱ्याजवळ २०१२ साली 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली, ३२ माणसे गेली. त्यानंतर हा नियम कडक झाला. भोवतालचे लोक फोनवर चित्रे काढत होते. सासूबाई मात्र हात जोडून ऐकत होत्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाणारी 'रामदास' बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्या तेव्हा तान्ह्या होत्या, पण कोकणात ते नाव पुढे कित्येक वर्षे हळू आवाजातच घेतले जाई.

बोट हलली तेव्हा त्यांनी मला विचारले, "बोट खंय जाता गो?"

मी म्हणाले, "गोव्याला जाऊन परत इथेच."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे खंयच नाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना त्याचे काही वाईट वाटलेले दिसले नाही.

माझे म्हणाल तर मला ती बोट मानवली नाही. दहा मजले, जिकडेतिकडे गाणी, जुगाराचा दिवाणखाना, खाण्याच्या टेबलांभोवती लग्नाच्या पंगतीसारखी झुंबड. आतल्या बाजूच्या स्वस्त खोल्यांना खिडकीच नसते. समुद्रावर जायचे आणि समुद्र न दिसणाऱ्या खोलीत निजायचे, ही मौज मला समजली नाही. (आमच्या खोलीला खिडकी होती, पुतण्याने आजीसाठी जास्त पैसे मोजले होते.) बोट लागण्याची धास्ती मात्र फुकट गेली. हल्लीच्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशासारखे पर असतात, त्यामुळे डोलणे पुष्कळ कमी होते. पण सोबतीला कोणी अनोळखी बाई भेटेना. प्रत्येक कुटुंब आपापली वर्तुळे घेऊन आलेले, आणि कोणाला कुठे उतरायचेच नसल्याने "तुम्ही कुठल्या?" हा प्रश्नच कोणी विचारीत नव्हते.

आणि सासूबाई? पहिल्या रात्री जेवण झाल्यावर त्या आपली ताटली उचलून उभ्या राहिल्या आणि मोरी कुठे आहे ते पाहू लागल्या. वाढणारा मुलगा धावत आला. त्या ताटली सोडीनात. एका बाजूने तो धरून, दुसऱ्या बाजूने त्या. त्याच्याशी बोलून मीच ती सोडवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिले: जेवून त्या मागे टेकून बसल्या होत्या, ताटली समोर होती, मुलगा आला आणि घेऊन गेला. त्यांनी नुसते पाहिले. मग गुडघ्यावरचे हात उलटे करून त्या आपल्या तळव्यांकडे पाहत राहिल्या. साठ वर्षे या बाई पहाटे पाचला उठल्या आहेत. आजारपणाचे दिवस सोडले, तर त्यांचे उष्टे दुसऱ्याने उचललेले मी कधी पाहिले नव्हते, आणि त्या घरात वीस वर्षे मीही जेवते आहे.

तिथे माझा तिसरा आक्षेप मला जरा वेगळा दिसू लागला. अनोळखी मुलाने ताटली उचललेली मला खुपत होती. सासूबाईंनी उचललेली खुपली नव्हती. तिला मी घराची रीत म्हणत होते, जशी एस.टी.च्या खिडकीला माझ्या प्रवासाची रीत म्हणते. ज्याला जी गोष्ट आवडते तिच्यात तो काही थोरपण पाहतो, आणि दुसऱ्याच्या आवडीला आळस म्हणतो. मीही तेच केले. क्रूझ आपल्याला मानवेल का, असे कोणी मला विचारले, तर बंदरे, भाडे, खिडकी यांविषयी मी सांगेनच. पण आधी विचारीन की घरी तुमच्यामागे स्वयंपाक कोण करते. ज्या माणसाला रोजच विश्रांती आहे त्याला तीन दिवस बोटीवर काय करावे ते सुचत नाही. ज्याला ती कधीच नव्हती, त्याला बोट कुठेच जात नाही हेच ठिकाण वाटते.

पण आक्षेप दिसायला बदलला, पुसला गेला नाही. तो मुलगा होताच ना! सासूबाईंना विसावा मिळाला तो त्याच्या हातून काढूनच. एका माणसाचे ओझे खाली उतरले की ते दुसऱ्याच्या डोक्यावर जाते, मग बोट असो वा घर; आणि पगार दिला म्हणजे हिशेब मिटला असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तसेच पगार नाकारून त्याचे काही भले झाले असते असेही मला म्हणता येत नाही. तिकीट न काढणे सोपे होते. त्याने माझे हात स्वच्छ राहिले असते, सासूबाईंचे तसेच राबत राहिले असते, आणि त्या मुलाची नोकरी कोणी दुसऱ्याने चालवली असती.

जातानाच्या रात्री साडेतीनच्या सुमारास सासूबाई उठल्या. त्यांना वर जायचे होते. शाल पांघरून आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर गेलो. अडवायला जिन्यापाशी कोणी नव्हते. वारा होता. पूर्वेकडे खूप दूर किनाऱ्याचे दिवे बारीक दिसत होते आणि एक दीपगृह ठराविक वेळाने उघडझाप करीत होते. "विजयदुर्ग खंयसो?" त्यांनी विचारले. मला काय ठाऊक! तिथे दोन मुले डेक पुसत होती. त्यातला एक संध्याकाळचाच, ताटली सोडवणारा निघाला; म्हणजे तो किती वाजता निजला असेल याचा मी हिशेब करू लागले आणि सोडून दिला. तो वेंगुर्ल्याचा होता. त्याने हाताने दिशा दाखवली, आता बरोबर समोर, म्हणाला. दर खेपेस तो आपल्या गावासमोरूनही असाच जातो. दिवे दिसतात, फोन लागत नाही. सासूबाई त्याच्याशी मालवणीत बोलत राहिल्या: घर कोणत्या वाडीत, आई काय करते, माडाला पाणी कोण घालते. बादली खाली ठेवून तो उत्तरे देत होता. मग कोणी त्याला हाक मारली.

आता पुतण्या पुन्हा विचारतो आहे. या खेपेस लक्षद्वीप. मी अजून हो म्हटलेले नाही. परवा सासूबाईंनी मला विचारले, त्या बोटीवर तोच मुलगा असेल का. त्याचा करार मार्चात संपणार होता, असे मी त्यांना सांगितले. मग घरी पोचला असेल, त्या म्हणाल्या, आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडू लागल्या. मीही समोर बसले.