वेदीचे वैभव

पॅरिसजवळील संत डेनिस मठाचे अधिपती सुजेर यांनी ११४४ साली रंगीत काचांनी उजळलेला नवा वेदीभाग उभारला. दृश्य तेजातून मन अदृश्य प्रकाशाकडे चढते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांचे समकालीन संत बर्नार्ड यांना मात्र मठांच्या भिंती सजत असता दारचा दरिद्री उघडा राहतो, हे सलत होते. (महागुरूंच्या मंदिरांना त्यांनी सवलत दिली होती, हे सहसा कुणी सांगत नाही!) आम्हांला सौंदर्याची ओढ नाकारवत नाही. परंतु धर्मग्रामात नव्या वेदीचा विषय निघाला, की आम्हांस चौथ्या शतकातील मिलानचे महागुरू संत अॅम्ब्रोज आठवतात. बंदिवानांच्या सुटकेसाठी त्यांनी पवित्र पात्रे वितळवली. विरोधकांनी दोष दिला, तरी ते मागे हटले नाहीत.