हरलेल्यांचे भांडण

पॅरिस कम्यून, 1871 मधली बंडखोरांची नगरसत्ता, टिकले 72 दिवस; त्याबद्दलचे भांडण मात्र पुढे वर्षानुवर्षे चालले. 1871 च्या मे महिन्यातल्या ‘रक्तरंजित आठवड्यात’ व्हर्सायमधल्या फ्रेंच सरकारच्या फौजांनी शहर परत घेतले आणि जे वाचले ते लंडन, ब्रुसेल्स, जिनिव्हा अशा ठिकाणी पांगले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये कम्यूनचा सभासद बनोआ मालों याचे पुस्तक निघाले. फ्रेंच कामगारवर्गाचा हा तिसरा पराभव, असा निवाडा त्याने शीर्षकातच देऊन टाकला होता.

सुरुवातीचा प्रश्न साधा होता: चुकले कोणाचे? बोट पहिल्यांदा गेले बँक ऑफ फ्रान्सकडे. तिजोरी पॅरिसमध्ये, शहर बंडखोरांच्या हातात, तरी कम्यूनने तिथून उचल म्हणून घेतले जेमतेम पावणेदोन कोटी फ्रँक. त्याच बँकेने व्हर्सायला 25 कोटींहून अधिक पुरवले! बँकेवर नेमलेला शार्ल बेस्ले हा कम्यूनचा सर्वांत वयस्क सभासद. बँकेला हात लावला असता तर फ्रँकच कोसळला असता, हे म्हणणे त्याने स्वित्झर्लंडमध्ये बसूनही सोडले नाही.

बॅरिकेडवर लढलेला पत्रकार लिसागारे याला हे पटणे शक्यच नव्हते. 1876 मध्ये ब्रुसेल्सला छापलेल्या त्याच्या इतिहासात शत्रूइतकेच आपल्या नेत्यांचेही वाभाडे आहेत. हद्दपारांनी लिहिलेल्या पुस्तकांत हा प्रामाणिकपणा दुर्मीळच.

हळूहळू प्रश्न बदलला. हरलो का, यापेक्षा केले काय होते? लंडनमधल्या ब्लांकीवाद्यांनी (क्रांतिकारक ब्लांकीच्या अनुयायांनी) 1874 च्या पत्रकात शिस्तबद्ध, कठोर सत्तेचा धडा काढला. ग्यूस्ताव्ह लफ्रांसेसारखे कम्यूनमधले अल्पमतवाले उलट म्हणत होते, की फ्रेंच क्रांतीतल्या 1793 ची नक्कल करून ‘सार्वजनिक सुरक्षा समिती’ नेमली तिथेच कम्यून स्वतःला विसरले. त्यांच्या लेखी मोलाच्या गोष्टी वेगळ्या होत्या: मालक सोडून गेलेले कारखाने कामगारांच्या सहकारी संस्थांकडे देण्याचा हुकूम, किंवा बेकऱ्यांतल्या रात्रपाळीवरची बंदी. भूगोलतज्ज्ञ एलिझे रक्ल्यू हद्दपारीत अराजकवादाकडे वळला, तोही या सत्ताविरोधी बाजूनेच.

पण या वादाला एक कोपरा दिसत नव्हता. सुमारे चार हजार कम्यूनवाले पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियात पाठवले गेले होते. तिथल्या कनाक लोकांनी 1878 मध्ये फ्रेंचांविरुद्ध उठाव केला, तेव्हा अनेक हद्दपार कम्यूनवाले सरकारच्या बाजूला गेले. त्यांच्यातलीच लुईझ मिशेल मात्र कनाकांच्या बाजूने राहिली. आपल्या लाल स्कार्फचे दोन तुकडे करून ते कनाकांना दिले, असे तिने आठवणींत नोंदवले आहे. स्वातंत्र्य पॅरिसपुरतेच का, हा प्रश्न युरोपातल्या चर्चांत क्वचितच डोकावला. मला ही बँकेबाबतच्या चुकीपेक्षा मोठी चूक वाटते.

जुलै 1880 मध्ये सर्वांना माफी मिळाली. त्याआधी मे महिन्यात पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीतल्या, कम्यूनवाल्यांना जिथे गोळ्या घातल्या गेल्या त्या भिंतीकडे पहिला मोर्चा गेलाच होता. पुढे ती दरवर्षीची प्रथा झाली. भिंतीपुढे सगळे हुतात्मे एकाच पक्षाचे दिसतात, त्यामुळे समाजवादी, अराजकवादी आणि नंतर कम्युनिस्ट, प्रत्येकाला कम्यून आपलेच वाटू लागले. परदेशात एकमेकांशी भांडणाऱ्यांनी घरी परतल्यावर वारसाहक्काचा दावा मांडला.

मृतांच्या संख्येचा हिशेब मात्र कोणत्याच पक्षाला बंद करता आलेला नाही. लिसागारेने 17 ते 20 हजारांचा आकडा दिला होता. ब्रिटिश इतिहासकार रॉबर्ट टूम्झ यांनी तो दहा हजारांच्या खाली आणला, तर 2021 मध्ये मिशेल ओदँ यांनी दफनभूमींच्या नोंदी पुन्हा चाळून तो 15 हजारांपर्यंत नेला.