दवबिंदूचे पाप



उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव पशुपक्ष्यांना हिरव्या वनस्पती अन्न म्हणून देतो, हे आपण ऐकत आलो आहोत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर मात्र एक लहानसे रोपटे उलटा क्रम लावून बसले आहे. ते किडे खाते. गवती दवबिंदू म्हणतात त्याला. पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो, उन्हात तो दवासारखा चमकतो. चिलट भुलून बसते आणि अडकते. केस हळूहळू त्याच्यावर वाकतात, पाचक रस पाझरतो, आणि शेवटी उरतो तो नुसता सांगाडा.

दयाळू देवाच्या सृष्टीत हा सापळा कशासाठी? चार्ल्स डार्विन यांना १८६० साली असाच प्रश्न छळत होता. जिवंत अळीला आतून खाणाऱ्या माश्यांबद्दल त्यांनी मित्राला पत्रात लिहिले होते. त्याच वर्षी ते दवबिंदूचा अभ्यास करू लागले. हा प्रश्न आपणही एका वाक्यात उडवून लावू नये.

पण आधी त्या रोपट्याची जमीन पाहू. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर. पावसात त्यातले सत्त्व वाहून जाते. नत्र नाही, स्फुरद नाही. इतर झाडांप्रमाणे उन्हावर साखर ते स्वतःच बनवते. किड्याकडून घेते ते मातीने न दिलेले तेवढेच. मराठवाड्यातल्या मुरमाड रानात ज्यांनी पेरणी केली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. युरोपातल्या ज्या दलदलींत प्रदूषणामुळे पावसातून नत्र जास्त पडू लागले, तिथल्या दवबिंदूंचे किड्यांवरचे अवलंबणे कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले.

अर्थात रोपट्याला विवेकबुद्धी नाही, म्हणून पापही नाही. आपल्याला आहे. अत्यंत निकडीच्या वेळी, दुसरा मार्गच नसताना, भुकेल्याने दुसऱ्याच्या विपुलतेतून घेतले तर ती चोरी नव्हे, असे संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात मांडले. ख्रिस्तसभेचे आजचे धर्मशिक्षणही तेच सांगते. “परिस्थितीने करायला लावले” हे वाक्य मात्र आपण कोणाच्या तोंडून ऐकतो? दुधात पाणी घालणारा, घरकामाच्या बाईचा आजारपणाचा दिवस कापणारा, बहिणीचा वाटा दाबून बसणारा. यांपैकी कितीजणांची जमीन खरोखर जांभ्याची असते?

पावसाळा सरताना कासला जाणाऱ्यांनी दवबिंदू जरूर पाहावा. बोटभर उंचीचा असतो, वाकूनच पाहावा लागतो.