आधी आजीच्या कानाची उंची मोज



स्पीकरच्या स्टँडसाठी सुताराला दहा अंशांचा उतार सांगून ठेवलास, असं तू लिहिलंस. त्याला आजच फोन कर आणि थांबायला सांग. लाकूड चांगलं निवडलं आहेस. १९ मिमीचा मरीन प्लाय आणि वरून सागाचं व्हिनियर, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो दहाचा आकडा तू दुसऱ्याच्या घरातून उचललास. त्या घरची माणसं किती उंच सोफ्यावर बसतात, स्पीकरपासून किती लांब बसतात, हे तुला ठाऊक नाही. तुझ्या घरी आजी भिंतीला टेकून, गादीवर मांडी घालून गाणं ऐकते. स्पीकर तिच्यासाठी आणलेस ना? मग कोनही तिच्या कानापासूनच काढायला हवा.

जोडी मात्र सुरेख मिळवलीस. क्लिप्श हेरसी हे खोकं पॉल क्लिप्श यांनी १९५७ साली अमेरिकेत, आर्कान्सातल्या होप या गावी काढलं. त्यांचे क्लिप्शहॉर्न नावाचे मोठे स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचे असत. दोन कोपऱ्यांतल्या दोन क्लिप्शहॉर्नच्या मध्ये तिसरा स्पीकर म्हणून हेरसीची कल्पना निघाली. खोकं आहे गुडघाभर उंचीचं. खाली बारा इंची वूफर, त्याच्या वर मधल्या स्वरांचा कर्णा आणि सगळ्यात वर तारस्वरांचा छोटा कर्णा. एवढं बुटकं खोकं नुसतं फरशीवर ठेवलं, तर वरचे दोन्ही कर्णे माणसाच्या पोटाकडे तोंड करून वाजतात. म्हणूनच पुढे क्लिप्श कंपनीनेही त्याला मागे झुकवणारी तिरपी बैठक दिली. तुझ्या जोडीबरोबर ती आलेली नाही, तेव्हा आपल्याला करावी लागणार.

आता हिशेब कर. तू कळवल्याप्रमाणे खोक्याची खोली ३३ सेंमी आणि वरच्या कर्ण्याचा मध्य तळापासून ४८ सेंमीवर आहे. आजीचा कान गादीसकट जमिनीपासून ८० सेंमीवर असेल असं धरतो, आणि अंतर अडीच मीटर. खोकं सरळ फरशीवर उभं केलं तर कान कर्ण्याच्या ३२ सेंमी वर राहतो, म्हणजे सात अंशांहून थोडा जास्त. स्टँडची मागची बाजू ५ सेंमी उंच ठेवली की कर्णा ५३ वर येतो आणि हवा असलेला कोन सहाच्या आसपास उतरतो. इथे बरेच जण थांबतात. पण खोकं मागे झुकवायचं म्हणजे त्याची पुढची कड उचलायची, आणि कड उचलली की तिच्यासोबत कर्णाही वर जातो. तो जितका वर जाईल तितका कोन कमी लागतो. पुन्हा आकडेमोड केलीस की उत्तर साडेपाच अंशांवर स्थिरावेल. दहा अंश दिले असतेस, तर कर्ण्याचा रोख आजीपाशी पोचेपर्यंत १०२ सेंमीवर गेला असता. तिच्या डोक्यावरून.

सुताराला अंश सांगूच नकोस. त्याच्याकडे गुण्या आहे, फूटपट्टी आहे, त्याला उंचीच सांग. ३३ सेंमी खोलीला एक अंश म्हणजे ६ मिमीला किंचित कमी. साडेपाच अंशांसाठी मागे ५ सेंमी आणि पुढे ८.२ सेंमी. एवढी दोन मापं त्याच्या हाती दे, की कोन आपोआप येईल. दोन्ही स्टँडच्या मिळून चार पाचरी लागतील. त्या एकेक न कापता एकावर एक घट्ट आवळून एकाच वेळी रंधून घ्यायला सांग. पुढच्या उंचीत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर आजीच्या कानापाशी रोख पाऊण सेंमीने हलेल, ते चालतं. पण डाव्या आणि उजव्या स्टँडचा उतार वेगवेगळा झाला तर गायकाचा आवाज दोन्हींच्या बरोबर मधोमध उभा राहत नाही, आणि मग तू आठवडाभर वायरी तपासत बसशील.

लाकूड कापण्याआधी एक काम कर. खोक्याच्या मागच्या कडेखाली ५ सेंमी उंचीचा आधार ठेव आणि पुढच्या कडेखाली पुस्तकं सरकवून झुकाव दे. एक छोटा सपाट आरसा वरच्या कर्ण्यापाशी, खोक्याच्या दर्शनी फळीला चिकटून धरायला कुणाला तरी सांग. मग आजीला तिच्या जागी बसवून विचार, आरशात काय दिसतं. तिला स्वतःचे डोळे दिसले तर रोख तिच्याकडे आहे. छत दिसलं तर एखादं पुस्तक काढ, फरशी दिसली तर घाल. कागदावरच्या साडेपाचपेक्षा मी या आरशावर जास्त विश्वास ठेवतो, कारण आजी गादीवर नेमकी कशी बसते, किती पुढे झुकते, हे कागदाला कळत नाही.

रोखाची एवढी काळजी का, हे तू विचारलंस ते बरं केलंस. तारस्वर हे झोतासारखे पुढे जातात, खर्ज मात्र खोलीभर पसरतो. शंभर हर्ट्झच्या स्वराचा तरंग सुमारे ३.४ मीटर लांब असतो, त्याला पाच अंश तिरपं केल्याने काही फरक पडत नाही. तंबोऱ्याच्या जवारीचे, तबल्याच्या चाटेवरच्या बोटाचे, श, स या व्यंजनांचे जे बारीक स्वर आहेत त्यांचा तरंग काही सेंटिमीटरचाच असतो, आणि तेच रोखाबाहेर लवकर मावळतात. किशोरीताई आमोणकरांच्या आलापात श्वास कुठे घेतला ते ऐकू येणं न येणं या बारीक स्वरांवर ठरतं. त्यातून तुमच्या घरी गुळगुळीत फरशी. खाली रोखलेले तारस्वर तिच्यावर आपटून कानाशी जरा उशिरा पोचतात आणि मूळ स्वर गढूळ करतात. झुकाव दिल्याने ते थोडं कमी होतं. बाकीचं काम स्पीकर आणि गादी यांच्यामध्ये अंथरलेली जाडशी सतरंजी करेल.

झुकवल्याने वरचा आणि खालचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचतो, असंही तू कुठेतरी वाचलंस. ते खरं आहे, पण तुझ्या स्पीकरबद्दल नव्हे. साध्या दोन भागांच्या स्पीकरमध्ये ट्वीटर उथळ असतो आणि वूफरचा आवाज जरा आतून, मागून निघतो. तिथे खोकं झुकवलं की ट्वीटर मागे सरकतो आणि दोघांतली तफावत मिटत जाते. वूफर आणि ट्वीटर यांच्यात ३० सेंमी अंतर असेल तर पाच अंशांनी ट्वीटर अडीच सेंमीहून थोडा जास्त मागे जातो. कॅलिफोर्नियात रिचर्ड व्हँडरस्टीन यांचे मॉडेल टू स्पीकर १९७७ पासून बनू लागले. ऐकणाऱ्याचं अंतर आणि कानाची उंची पाहून त्यांचा झुकाव ठरवतात तो याच कारणाने. हेरसीत उलटं आहे. तिच्यात मधल्या स्वरांच्या कर्ण्याचा पडदा कर्ण्याच्या शेपटाशी, म्हणजे खोक्याच्या पोटात, वूफरच्याही मागे बसलेला असतो. झुकवल्यावर तो आणखी थोडा मागे जातो. तेव्हा तुझ्या स्टँडचं काम एकच, कर्ण्यांचा रोख धरणं. गरजेपेक्षा एक अंशही जास्त देऊ नकोस असं मी म्हणतो त्यामागे हेही कारण आहे.

मागची बाजू ५ सेंमीपेक्षा उंच करण्याचाही मोह धरू नकोस. स्टँड उंच केला तर कोन कमी लागेल, हे बरोबर. पण हेरसीचा खर्ज मुळातच बेताचा आहे आणि तो फरशीचा, मागच्या भिंतीचा आधार घेतो. जमिनीपासून फार उचललीस तर तबल्याचा बायाँ पातळ होईल.

स्टँडचा तळ खोक्याच्या मागे चार-पाच सेंमी जास्त लांब ठेव. झुकलेल्या खोक्याचा भार मागे सरकतो, आणि घरात तुझी धाकटी भाचरं आहेत. हेरसी बुटकी आणि खोल आहे म्हणून एवढ्याने भागतं. उंच, अरुंद टॉवर स्पीकर असते तर मी झुकवूच दिले नसते, आणि त्यांना गरजही नसते, त्यांचा ट्वीटर बहुधा कानाच्या आसपासच येतो. उताराच्या खालच्या टोकाला, म्हणजे मागे, सेंटिमीटरभर उंचीची पट्टी ठोकून घे, म्हणजे खोकं घसरणार नाही. खोकं आणि स्टँड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाल. खोक्याच्या तळाला स्क्रू मात्र मारायचा नाही. ते चहूबाजूंनी हवाबंद आहे, एका भोकाने वूफरची चाल बिघडते.

राहिला तुझ्या बाबांचा प्रश्न. ते सोफ्यावर बसतात, त्यांचा कान ९५ सेंमीवर धरू. आजीसाठी केलेला रोख त्यांच्या कानाच्या १५ सेंमी खालून जाईल, म्हणजे साडेतीन अंशांचा फरक. तेवढ्याने त्यांचं फारसं बिघडत नाही. बाबांसाठी उतार वाढवला तर आजीचं बिघडतं, कारण तिचे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत आणि तारस्वर तिला आधीच कमी ऐकू येतात. म्हणून स्टँड तिच्या मापाचाच कर.

सुताराकडे जाण्याआधी मला तीन मापं कळव: गादीवर बसलेल्या आजीच्या कानाची जमिनीपासूनची उंची, तिथपासून दोन्ही खोक्यांपर्यंतची अंतरं, आणि आरशात तिचे डोळे दिसले तेव्हा पुढच्या कडेखाली पुस्तकांची जाडी किती झाली होती. कानाची उंची मोजताना तिला ताठ बसायला सांगू नकोस. तासभर गाणं ऐकल्यावर ती जशी बसलेली असेल, तशीच मोज.

तुझा,
काका