बसायचं की उतरायचं?

माझे मामा लालबागचे. गिरणीत साचेवाले होते, १९८२ च्या संपात अखेरपर्यंत राहिले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. काही वर्षं नोकरीनिमित्त सिएटलला होते, तिथे अमेरिकन फुटबॉल बघायची सवय लागली. लांबुळका चेंडू छातीशी धरून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं करायचं, असा हा खेळ. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, २०१८ साली दोन नावाजलेल्या खेळाडूंपुढे एकच पेच होता. नव्या कराराची बोलणी अडलेली, अशा वेळी मैदानात उतरायचं की घरी बसायचं? एक उतरला, एक बसला. त्यावरून मामांचं आणि माझं जे बोलणं झालं, ते इथे देते आहे.

मामा: आधी उतरला त्याचं सांग.

मी: अर्ल थॉमस. सिएटल सीहॉक्सचा सेफ्टी, म्हणजे बचावफळीत सगळ्यांच्या मागे उभा राहणारा माणूस. २०१० पासून त्याच संघात, २०१३ च्या हंगामाचं विजेतेपद आणणाऱ्या फळीतला. कराराचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं. त्याने जाहीरपणे लिहिलं की एक तर माझा करार वाढवा, नाहीतर मला दुसऱ्या संघाकडे द्या. सरावाच्या शिबिराला गेला नाही. संघ काही हलला नाही. मग पहिल्या सामन्याच्या तोंडावर हा स्वतःच परतला.

मामा: वर्ष बाकी होतं म्हणतेस. त्या कागदावर सही कुणाची होती?

मी: त्याचीच. २०१४ मध्ये केलेली, चार वर्षांची वाढ, चार कोटी डॉलरची.

मामा: मग आमच्या संपाशी त्याची सांगड घालू नकोस. आमच्या वतीने करार करायचा हक्क कायद्याने एकाच संघटनेला होता, आणि ती संघटना आम्हाला आमची वाटत नव्हती. दुसऱ्याने आमच्या नावावर केलेल्या सहीविरुद्ध आम्ही उभे राहिलो. याने स्वतःच्या हाताने केली होती.

मी: सही दोघांची होती मामा, पण बांधला गेला एकटा तो. तिथे करार चार वर्षांचा असला तरी संघ मधल्या कुठल्याही वर्षी खेळाडूला काढू शकतो. हमीची म्हणून जेवढी रक्कम लिहिलेली असेल तेवढीच देणं लागते, बाकीची तो संघात राहिला तर. खेळाडूला मात्र मध्येच उठून दुसरीकडे जाता येत नाही. बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये बहुतेक करार पूर्ण हमीचे असतात. इथे माणसं एकमेकांवर जाणूनबुजून आदळतात, आणि इथेच हमी तोकडी.

मामा: हे त्याला सही करताना ठाऊक होतं?

मी: होतं.

मामा: मग जोखमीची किंमत त्याने तेव्हाच वसूल केली. सहीच्या वेळी जी मोठी रक्कम हातात पडते, ती त्याचीच ना? एकाच जोखमीचे पैसे दोनदा कसे मागणार?

मी: त्या वर्षाचा पगार होता ८५ लाख डॉलर. खेळताना पाय मोडला असता तरी तो मिळणारच होता, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण सामन्यात तो जे पणाला लावतो, ते फक्त त्या वर्षाचं नसतं. पुढची तीन-चार वर्षं त्याच पायावर उभी असतात आणि त्यांची किंमत जुन्या करारात कुठेच धरलेली नव्हती. त्याचं वय होतं एकोणतीस. या धंद्यात त्यानंतर एखादाच मोठा करार हाती लागतो.

मामा: म्हणजे पाय यंदा वापरणार, आणि निकामी झाला तर पुढच्या वर्षाचं त्याचं तो बघेल.

मी: आणि झालंही तसंच. पहिल्या चार सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्यांचे तीन पास हवेतच पकडले, म्हणजे अंग चोरून खेळला असं कुणी म्हणू शकत नाही. ३० सप्टेंबरला ॲरिझोनात चौथ्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात डावा पाय मोडला. हाच पाय २०१६ मध्येही मोडला होता. गाडीवरून बाहेर नेताना त्याने स्वतःच्याच संघाच्या बाकाकडे मधलं बोट दाखवलं. साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं.

मामा: तसं करायला नको होतं. त्या बाकावर त्याच्याबरोबर राबणारी माणसंही बसली होती. पण राग खरा होता, तो मला कळतो. आता बसला त्याचं सांग.

मी: लेव्हियॉन बेल, पिट्सबर्ग स्टीलर्सचा रनिंग बॅक. चेंडू घेऊन थेट गर्दीत घुसायचं, हे त्याचं काम. २०१७ मध्ये त्याने ३२१ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि ८५ पास झेलले. म्हणजे एका हंगामात ४०६ वेळा त्याला पाडायला माणसं धावून आली. त्याचा करार संपलेला होता. पण तिथे फ्रँचायझी टॅग नावाचा नियम आहे. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ ठरावीक सूत्राने काढलेल्या पगारावर आणखी वर्षभर अडकवून ठेवू शकतो. बेलवर हा टॅग लागोपाठ दोनदा लावला. २०१८ साठीची रक्कम होती जवळपास १ कोटी ४५ लाख डॉलर.

मामा: रुपयांत?

मी: त्या वेळच्या भावाने शंभर कोटींच्या घरात.

मामा: आणि शंभर कोटी सोडून माणूस घरी बसला! आमच्या चाळीत हे कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, यांचं दुःख कसलं आणि यांचा लढा कसला?

मी: रकमेने डोळे दिपतात, म्हणून तर मालकांचं फावतं. खेळाडूंची संघटना सांगते की सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची असते. बेलचा गुडघा २०१५ मध्ये एकदा गेला होता. तो पुन्हा जाणं म्हणजे काय, ते मी रोज हाताने तपासते. रुग्णाला उताणं झोपवून गुडघा किंचित वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची आणि दुसऱ्याने पोटरी पुढे ओढायची. आतला लिगामेंट शाबूत असेल तर ती एका जागी घट्ट अडते. तुटलेला असेल तर पुढे सरकत जाते, हाताला थांबा लागतच नाही. शस्त्रक्रिया करून चालता येतं, पळताही येतं. पण भरधाव वेगात पाय रोवून अंग वळवायचं, तो भरवसा परत येईलच असं नाही. बेलला पगार मिळतो तो नेमका त्या वळण्याचा.

मामा: बरं. पण याचा मुद्दा मला जास्त पटतो, आणि पैशांमुळे नव्हे. याने सही केलेली नव्हती. शब्दच दिला नव्हता, तर मोडला कुठे? बाजारात दुसरा गिऱ्हाईक उभा असताना त्याच्याकडे जाऊ द्यायचं नाही, ही अडवणूक झाली. पुढे काय झालं?

मी: १३ नोव्हेंबर ही शेवटची मुदत होती. तो आला नाही, अख्खा हंगाम बुडाला. तो येत नाही म्हणून त्याच्यासाठी वाट मोकळी करून देणारे पुढच्या फळीतले सोबती सप्टेंबरातच उघडपणे चिडले होते. मुदत टळल्यावर सहकाऱ्यांनी त्याच्या लॉकरमधले बूट वाटून घेतले, वरची नावाची पट्टी काढली.

मामा: आणि त्याच्या जागी?

मी: जेम्स कॉनर. कॉलेजात असताना कर्करोगातून उठलेला मुलगा. बेलच्या तुलनेत अगदी थोड्या पगारावर खेळला आणि त्या वर्षी ऑल-स्टार संघात निवडला गेला.

मामा: म्हणजे बदली कामगार. पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीच्या दारात बदल्या उभ्या असत. कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या साच्यावर आत घेत. संपात जे आत गेले, त्यांना आम्ही काय काय बोललो! त्यांच्याही घरी चूल होतीच की. म्हणून सांगतो, बसण्याची गोष्ट मला सोपी करून सांगू नकोस. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणसं बाहेर पडली. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरला. माझ्याबरोबरचे किती तरी जण पुन्हा आत गेले नाहीत. बुडालेला हंगाम कुणी भरून देत नाही. तुझ्या बेलला काय मिळालं?

मी: हेच मला तुमच्यापुढे ठेवायचं होतं. मार्च २०१९ मध्ये दोघांनाही नवे संघ मिळाले. पाय मोडलेल्या थॉमसला बाल्टिमोरने चार वर्षांसाठी साडेपाच कोटी डॉलर देऊ केले. धडधाकट बेलला न्यू यॉर्क जेट्सनी चार वर्षांसाठी सव्वापाच कोटी. हमीची रक्कम दोघांचीही निम्म्याहून जास्त.

मामा: म्हणजे उतरून पाय मोडला तोही तिथेच आणि बसून वर्ष घालवलं तोही तिथेच. शिवाय बसणाऱ्याचे शंभर कोटी गेले. मग तुझा बेल चुकला, हे सरळ आहे.

मी: निकालावरून निवाडा नको ना मामा. थॉमसचं हाड नीट जुळलं म्हणून उतरणं शहाणपणाचं ठरत नाही. जुळलं नसतं, मज्जातंतूला इजा झाली असती, तर तुम्ही उलट बोलला असतात. सप्टेंबरात दोघांना जे माहीत होतं, त्यावरच त्यांचा निर्णय जोखायला हवा. आणि तेव्हा एवढंच माहीत होतं की मोडलं तर पुढच्या वर्षांचं सगळं नुकसान आपलं एकट्याचं.

मामा: असं म्हणतेस तर त्या दोघांना सोडून दे. प्रश्न त्यांच्यासमोर आणून ठेवणाऱ्याला धर. माझ्या शेजारच्या साच्यावर एकाची तर्जनी गेली. खात्यातल्या वरच्या माणसाचा तो लाडका होता की नावडता, हे कुणी विचारलं नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात कोष्टकच होतं. अख्खी तर्जनी गेली तर कमाईच्या कुवतीत १४ टक्के घट, अंगठा गेला तर ३०. पैसे थोडे मिळाले, उशिरा मिळाले, त्यासाठी हेलपाटेही घातले. पण तो हक्क होता. तुझ्या कोट्यधीश खेळाडूंना एवढंही नाही?

मी: अगदीच काही नाही असं नाही. जखमी झाल्यास त्या वर्षाचा पगार मिळतो, त्यानंतर थोडंफार संरक्षण आहे. पण तळातल्या अनेकांच्या करारात आणखी एक कलम असतं. जखमींच्या यादीत नाव गेलं की पगाराचा दर खाली येतो. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बफेलो संघाच्या डेमार हॅम्लिनचं हृदय मैदानातच बंद पडलं. प्रतिस्पर्ध्याला पाडून तो उठला आणि मागे कोसळला. तिथेच छाती दाबून त्याला परत आणलं. त्याच्या करारात हे कलम होतं.

मामा: म्हणजे मरणाच्या दारातून आलेल्या पोराचा पगार कापणार होते?

मी: कापला नाही. संघ, लीग आणि संघटना यांनी मिळून पूर्ण पगार द्यायचं ठरवलं.

मामा: कारण साऱ्या देशाने पाहिलं. सरावात, कुणी बघत नसताना कोसळला असता तर? मेहेरबानीवर चालणारी गोष्ट मला नको. चांगला मालक आहे म्हणून दिलं आणि वाईट आहे म्हणून नाही, असं जिथे चालतं तिथे कामगाराच्या हातात काहीच नसतं. यांच्या संघटनेने काय केलं?

मी: मार्च २०२० मध्ये नव्या सामुदायिक करारावर खेळाडूंनी मतदान केलं. किमान पगार वाढले. बदल्यात हंगाम १६ सामन्यांचा १७ करायला मोकळीक मिळाली. आणि करारात असूनही शिबिराला न येणाऱ्याला दिवसाला ५०,००० डॉलर दंड, जो अनेकांच्या बाबतीत संघाने ठरवलं तरी माफ करता येत नाही. बाजूने १,०१९ मतं पडली, विरोधात ९५९.

मामा: साठ मतं! इथे मी कुणाला दोष देऊ? ज्याची नोकरी तीन वर्षांची, तो आज हातात पडणारी वाढ घेणारच. मीही घेतली असती. पण त्या वाढीसाठी त्यांनी एक जादा सामना दिला, म्हणजे मोडायची एक जादा संधी दिली, आणि अडून बसण्याचं हत्यार महाग करून घेतलं. जो बसतो तो स्वतःपुरता बसत असेल, पण त्याने हमी वाढवून घेतली की मागच्याला ती मागायला तोंड राहतं. आम्हाला हे कळायला फार किंमत द्यावी लागली.

मी: मग थॉमस उतरला, ते बरोबर की चूक?

मामा: त्याने सही पाळली. तो बरोबर, आणि त्याचा पाय मोडल्यावर पुढचं देणं ज्यांच्या अंगावर आलं नाही, ते चूक. बेलने शब्द दिला नव्हता, तोही बरोबर. सोबत्यांना त्याने आधी स्पष्ट सांगायला हवं होतं एवढंच. या दोघांत एकाला चूक ठरवावंच लागेल, असं तू धरून चालली होतीस. मला तसं दिसत नाही.

मी: त्या चार-चार वर्षांच्या करारांचं पुढे काय झालं, ते सांगू? २०२० मध्ये दोन्ही संघांनी दोघांनाही काढलं. थॉमसला सरावात सहकाऱ्याशी झालेल्या भांडणानंतर, बेलला हंगाम सुरू असताना. नव्या संघात दोन पूर्ण हंगाम कुणाचेच झाले नाहीत.

मामा: मग आता कुठल्याही खेळाडूचा करार किती कोटींचा झाला, ते मला सांगत जाऊ नकोस. त्यातली हमी किती, तेवढं सांग. तो २०२० चा करार कुठवर आहे?

मी: २०३० च्या हंगामापर्यंत.

मामा: तोवर जो बसेल त्याला मी हावरा म्हणणार नाही. आणि जो उतरून मोडेल, त्याच्या पुढच्या दोन वर्षांचा पगार मालकाने द्यावा, एवढं एक कलम त्या पोरांनी २०३० मध्ये मागावं. सतराव्या सामन्याच्या बदल्यात ते मिळायलाच हवं होतं.